नऊ, बारा, पंधरा

मिथाइल (९झेड,१२झेड,१५झेड)-ऑक्टाडेका-९,१२,१५-ट्राइइनोएट.

रसग्रहणाला घेतलेली ओळ एवढीच. ती छापून आली की वाचकाची नजर तिच्यावरून घसरून पुढच्या परिच्छेदावर जाते, आणि बारावीला सेंद्रिय रसायनाशी झटापट केलेला माणूस तर नाकच मुरडतो. मला मात्र ही ओळ फार बांधेसूद वाटते. हिच्यातलं एक अक्षर बदललं तर पदार्थ बदलतो, एक आकडा गाळला तर ओळ लंगडी पडते. आणि मुख्य म्हणजे, जे हिने उघड सांगितलेलं नाही तेही हिच्यातूनच काढता येतं. चांगल्या कवितेकडून आपण याहून वेगळं काय मागतो?

ओळ जवसाची आहे. वर्धा जिल्ह्यात आणि एकूणच विदर्भात जवस हे रब्बीचं जुनं पीक. फुलं निळी, सकाळी उमलतात आणि उन्हं चढली की पाकळ्या गळून पडतात. बी चपटं, तपकिरी, चकचकीत, पाण्यात भिजवलं की बुळबुळीत होणारं. या तेलावर इकडे एके काळी रोजचा स्वयंपाक होत असे. आता तेल मागे पडलं, चटणी राहिली. विदर्भाबाहेरच्या बऱ्याच जणांना जवसाचं तेल आठवतं ते लहानपणी क्रिकेटच्या बॅटला चोळलेलं. त्या तेलातल्या मेदाम्लांपैकी निम्मं किंवा त्याहून थोडं जास्तच असतं ते लिनोलेनिक आम्ल. मिथेनॉल हे सगळ्यांत लहान अल्कोहोल. त्याच्याशी हे आम्ल जोडलं गेलं की जो इस्टर होतो, त्याचं शास्त्रशुद्ध नाव म्हणजे वरची ओळ. प्रयोगशाळेत कुणी एवढं म्हणत बसत नाही. ‘मिथाइल लिनोलेनेट’ म्हणून मोकळे होतात.

हे नाव वाचायला घ्यायचं ते शेवटापासून. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. राजपुत्र म्हणजे राजा नव्हे, पुत्र. तत्पुरुषात प्रधान पद शेवटी. तसंच इथे. सगळ्यांत शेवटी ‘ओएट’ आहे, आणि हे काय प्रकरण आहे ते तिथेच कळतं: मुळात एक कार्बनी आम्ल होतं, त्याच्या टोकाचा हायड्रोजन गेला आणि त्या जागी दुसरं कुणी येऊन बसलं. नुसतं आम्लच असतं तर शेवट ‘ओइक आम्ल’ असा झाला असता. हायड्रोजनच्या जागी कोण बसलं? त्याचं उत्तर ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला, पहिल्याच शब्दात: मिथाइल. पहिलं पद आणि शेवटचा प्रत्यय एकमेकांचा हात धरून उभे आहेत, मधली सगळी लांबण त्या दोघांच्या मध्ये. अन्वय लावताना हे दूरान्वयाचं नातं आधी पकडायचं, मग बाकीचं आपोआप सुटत जातं.

‘ओएट’च्या अलीकडे ‘इन’, म्हणजे कार्बन-कार्बनमधला दुहेरी बंध. त्याच्या अलीकडे ‘ट्राय’: असे बंध तीन. त्याच्याही अलीकडे ‘ऑक्टाडेका’, अठरा कार्बनांची सरळ साखळी. ग्रीक ‘ऑक्टा’ आणि ‘डेका’ आपल्या अष्ट आणि दश यांचे सख्खे भाऊबंद, तेव्हा ‘अष्टादश’ म्हणणाऱ्यांनी या शब्दाला परका म्हणू नये. या अठरात ‘ओएट’चा स्वतःचा कार्बनही धरलेला आहे, पुष्कळांची मोजणी इथेच चुकते. मिथाइलचा एक कार्बन मात्र वेगळा. तो धरून रेणूत एकूण १९ कार्बन, ३२ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन.

यात संधीनियमही आहेत. एकच दुहेरी बंध असता तर आपण ‘ऑक्टाडेक-९-इनोएट’ म्हटलं असतं. इथे पुढे ‘ट्राय’ हे व्यंजनाने सुरू होणारं पद आलं म्हणून ‘ऑक्टाडेक’ला एक ‘आ’ चिकटला. रसायनाच्या दृष्टीने त्या ‘आ’ला काडीचाही अर्थ नाही. नामकरणाचे नियम त्याचं कारण देतात ते उच्चारसुलभतेचं. इतक्या करड्या नियमावलीत कुणाला तरी जिभेची काळजी वाटली, हे मला आवडतं.

आता मिथाइलनंतरची रिकामी जागा. मराठी छपाईत शब्दांमधली जागा हा बऱ्याचदा जुळवणी करणाऱ्याच्या मर्जीचा भाग असतो. इथे तसं चालत नाही. ‘मिथाइल’ आणि पुढचा भाग तोडून लिहिला तर मिथाइल ऑक्सिजनवर बसलेला आहे, म्हणजे पदार्थ इस्टर आहे. जोडून लिहिला तर मिथाइल मुख्य सांगाड्यावरच कुठेतरी चिकटलेला आहे आणि गोष्ट पूर्ण निराळी. याचं सुरेख उदाहरण संत्र्यात सापडतं. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मँडरिन गटातलं. मँडरिनच्या सालीच्या तेलात एक पदार्थ अगदी थोडा असतो, पण त्या वासाची ओळख ठरवण्यात आणि तेलावर दिसणाऱ्या निळसर झाकेत त्याचा वाटा मोठा. त्याचं नाव मिथाइल २-(मिथाइलअमिनो)बेंझोएट. एकाच नावात मिथाइल दोनदा! पहिला सुटा, म्हणजे ऑक्सिजनवरचा, इस्टरचा. दुसरा कंसात आणि ‘अमिनो’ला चिकटून, म्हणजे नायट्रोजनवरचा. शब्द तोच, पण एकाचं स्थान रिकाम्या जागेने सांगितलं, दुसऱ्याचं कंसाने. यमकासारखा कानाला गोड लागणारा प्रकार आहे, पण शोभेचा नव्हे. दोन्ही मिथाइल आपापलं काम करताहेत. गुडघ्याला चोळायच्या मलमावर ‘मिथाइल सॅलिसिलेट’ लिहिलेलं असतं तिथेही तीच सुटी जागा आहे, म्हणजे तोही इस्टरच.

जवसाच्या ओळीकडे परत येऊ. तिचं सौंदर्य आकड्यांत आहे. ९, १२, १५. साखळीच्या नवव्या कार्बनपासून एक दुहेरी बंध सुरू होतो, बाराव्यापासून दुसरा, पंधराव्यापासून तिसरा. मोजायचं कुठून, याला नियम आहे: आम्लाचा जो कार्बन तो पहिला, तिथून पुढे. पण जवसाच्या पाकिटावर ‘ओमेगा-३’ असं जे ठळक छापलेलं असतं तो याच रेणूचा उलट्या टोकाने घेतलेला हिशेब. अठरातून पंधरा वजा केले की तीन. शेपटीकडून मोजलं तर शेवटचा दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनपाशी येतो. राल्फ होलमन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही शेपटीकडून मोजण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यामागे कारण होतं. शरीर साखळी लांबवतं ती आम्लाच्या टोकाकडून, शेपूट तशीच राहते. त्यामुळे शरीरातली वंशावळ शोधायची तर शेपटीकडून मोजणं सोयीचं. रसायनशास्त्रज्ञ डोक्याकडून मोजतो, आहारतज्ज्ञ शेपटीकडून, आणि बाजार आहारतज्ज्ञाचं ऐकतो.

आता या तीन आकड्यांमधली अंतरं पाहा. नऊ ते बारा तीन, बारा ते पंधरा तीन. पहिला बंध नऊ आणि दहा या कार्बनांत, दुसरा बारा-तेरांत, तिसरा पंधरा-सोळांत. मग अकरा आणि चौदा? त्यांच्याबद्दल नाव अवाक्षर काढत नाही. पण वाचणाऱ्याने बोटांवर मोजलं की ध्यानात येतं, या दोन कार्बनांना दोन्ही बाजूंनी दुहेरी बंध लागून आहेत. अशा ठिकाणचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनची साखळी-अभिक्रिया सुरू झाली की पहिला घाला तिथेच पडतो. जवसाच्या तेलाचं सगळं चरित्र या न बोललेल्या दोन आकड्यांत आहे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं तेव्हा त्याच्यासमोर असली ओळ अर्थातच नव्हती, पण वाच्यार्थाच्या पलीकडचा अर्थ वाच्यार्थातूनच उमटावा लागतो ही अट इथे तंतोतंत पाळली गेली आहे.

तो अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर फार खटाटोप नको. काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून ती उघड्यावर ठेवा, शेजारच्या पट्टीवर शेंगदाण्याचं तेल. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस गेले तरी बोटाला लागत राहतं, फार तर खवट होतं. जवसाचं तेल आधी चिकट होतं, मग त्यावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी बोटाला काहीच लागत नाही. काचेवर पिवळट, कडक, पारदर्शक थर उरतो. पाणी उडून गेल्यावर वाळतं तसं हे वाळणं नव्हे. तेल उडून गेलेलं नसतं. उलट हवेतला ऑक्सिजन आत घेऊन साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात. तैलरंगाचं चित्र टिकतं ते यामुळे, दारंखिडक्यांचा जुना ऑइलपेंट आणि वॉर्निश या गुणावर उभं होतं, आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात फरशीवर अंथरायचं लिनोलियम काढलं ते याच वाळलेल्या तेलातून. जखडताना उष्णता बाहेर पडते. म्हणून जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवू नये असं सुतारकामात बजावतात. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

हेच तीन बंध वेगळ्या जागी असते तर? कारल्याच्या बियांच्या तेलात अठरा कार्बनांचंच, तीनच दुहेरी बंधांचं एक आम्ल भरपूर असतं. त्याचा मिथाइल इस्टर घेतला तर नावात ९,११,१३ येतं. मधली विश्रांतीची जागाच गेली, बंध एकाआड एक लागोपाठ आले. असं तेल जवसाहूनही झपाट्याने वाळतं. चिनी टुंग तेलाची कीर्ती याच आम्लावर आहे. डाळिंबाच्या बियांच्या तेलातही ९,११,१३च. मग कारलं आणि डाळिंब यांत फरक काय राहिला? फरक कंसातल्या एका अक्षराचा. कारल्याचं (९झेड,११ई,१३ई), डाळिंबाचं (९झेड,११ई,१३झेड). जवस, कारलं, डाळिंब: तिघांच्या या आम्लांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांची संख्या सारखीच. नुसतं रेणुसूत्र लिहिलं तर तिघांची वही एकच. नावानेच त्यांना वेगवेगळं केलं.

‘झेड’ आणि ‘ई’ ही दोन जर्मन शब्दांची आद्याक्षरं. झेड म्हणजे एका बाजूला, ई म्हणजे विरुद्ध बाजूंना. दुहेरी बंध साध्या बंधासारखा फिरू शकत नाही. त्यामुळे त्याच्या दोन्हीकडची साखळी एका बाजूला वळली आहे की समोरासमोरच्या बाजूंना गेली आहे, हे कायमचं ठरून जातं. झेड असेल तिथे साखळीला कोपरासारखा बाक येतो, ई असेल तिथे ती जवळपास सरळ राहते. बाकदार साखळ्या एकमेकींजवळ नीट बसत नाहीत म्हणून तेल पातळ राहतं. एकाच बंधाचं उदाहरण घेतलं तर ओलेइक आम्ल, (९झेड), सुमारे १३ अंशांना वितळतं. त्याचाच ई भाऊ, एलायडिक, सुमारे ४४ अंशांना. वर्ध्याच्या डिसेंबरातही पहिलं बहुतेक वेळ पातळच राहील आणि दुसरं मे महिन्याच्या दुपारी कुठे वितळायला लागेल. तेलाला हायड्रोजन देऊन वनस्पती तूप करताना झेडचे काही ई होऊन बसतात, आणि ट्रान्स फॅटचा सगळा वाद त्या ईचा आहे. गांधीजींनी १९४६ साली ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं तेव्हा त्यांचा रोख भेसळ आणि पोषण यांवर होता. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर यायला २०२२ साल उजाडावं लागलं.

तीन दुहेरी बंध, प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणजे या सांगाड्याचे आठ प्रकार शक्य आहेत. जवसाचं रोप त्यांतला एकच करतं: झेड, झेड, झेड. कंसातली ती आवृत्ती पहिल्यांदा वाचताना उगाच लांबण वाटते. पण उरलेले सात प्रकार समोर ठेवून वाचलं की त्या तीन झेडांत रोपाच्या विकरांची शिस्त दिसायला लागते.

उरला पहिला शब्द. मिथाइल. हाच वर्ध्याचा खरा विषय, असं मला वाटतं.

जवसाच्या रोपात मिथाइल इस्टर नसतो. बीमधल्या तेलात हे आम्ल ग्लिसरीनशी बांधलेलं असतं. ग्लिसरीन म्हणजे तीन लांब साखळ्यांना एका जागी धरून ठेवणारं दावं. त्या तेलाचं नाव लिहायचं तर ओळीच्या आरंभी ‘मिथाइल’ऐवजी ‘प्रोपेन-१,२,३-ट्राइल’ येतं आणि मागची सगळी लांबण तिप्पट होते. एवढा अवजड रेणू पातळ कसा असणार? खाद्यतेलं डिझेलच्या साधारण दहापट दाट असतात. रॉकेलच्या कंदिलात तेल घातलं तर ते वातीतून वर चढता चढत नाही, ज्योत काजळते आणि विझते.

हा प्रश्न वर्ध्यात मगनवाडीने हाताळला होता. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याला दिली आणि मगनलाल गांधींच्या नावावरून तिचं मगनवाडी झालं. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे ठाण मांडून बसले. झवेरभाई पटेलांनी तेलघाणीत सुधारणा केल्या. ती पुढे वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. कुमारप्पांना रॉकेल डोळ्यांत खुपत असे. गावाच्या शिवारात तेलबिया पिकत असताना दिव्यासाठी परदेशी खनिज तेलाला पैसे का मोजायचे, हा त्यांचा रोखठोक हिशेब. म्हणून तिथे ‘मगन दीप’ तयार झाला: वनस्पती तेलावर जळणारा कंदील. तेल दाट आहे ना, मग दिवा बदला.

त्याच सुमारास, १९३७ साली, ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी पेटंट घेतलं ते नेमकं उलट्या दिशेचं. दिवा, इंजिन, काही बदलू नका, तेल बदला. त्यांनी पामतेलातली ग्लिसरीनची बांधणी सोडवून साखळ्या अल्कोहोलला जोडल्या. ज्याला आज आपण बायोडिझेल म्हणतो त्याची ही सुरुवात. त्यांचा इस्टर इथाइलचा होता, आजचा बहुतेक मिथाइलचा. कारण मिथेनॉल स्वस्त पडतं आणि अभिक्रिया सरळ होते. नावात फक्त पहिला शब्द बदलतो. मगनवाडी आणि ब्रुसेल्स यांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. पण दोघांसमोरचं कोडं एकच होतं आणि दोघांची उत्तरं नावाच्या पहिल्या शब्दाच्या दोन बाजूंना पडली.

ही बांधणी सुटताना बघण्यासारखी असते. तेल ६० अंशांच्या आसपास गरम करायचं, याहून फार नको, कारण ६५ला मिथेनॉल उकळतं आणि त्याची वाफ विषारी. मिथेनॉलमध्ये थोडं कॉस्टिक आधीच विरघळवून ते तेलात ओतायचं आणि ढवळत राहायचं. आधी मिश्रण गढूळ होतं. मग ढवळणं थांबवून चंबू स्थिर ठेवला की हळूहळू दोन थर वेगळे होतात: खाली काळपट, पाकासारखं ग्लिसरीन, वर फिकट पिवळा, स्वच्छ इस्टर. चंबू कलता करा. तेल ज्या आळसाने काचेवरून ओघळत होतं तो आळस गेलेला दिसतो. वरचा थर जवळजवळ पाण्यासारखा पळतो. तेलात ओल राहिली असेल तर मात्र सगळा खेळ बिघडतो आणि मध्ये साबणाचा फेसाळ गोळा बसतो. साबणही मगनवाडीचाच जुना विषय, तेव्हा हा अपघात वर्ध्यात तरी परका मानायला नको. त्याच मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिच्यात रासायनिक उद्योगांचा विभागही आहे.

मिथाइलचा आणखी एक उपयोग विश्लेषकाला होतो. तेलात कोणती मेदाम्लं किती, हे मोजायचं तर ती वायुरूप करून लांब नळीतून पाठवावी लागतात. मोकळी आम्लं एकमेकांना आणि नळीला धरून बसतात. मिथाइलने त्यांचं आम्लपणाचं टोक झाकलं की ती मुकाट चालू लागतात. ए. टी. जेम्स आणि नोबेल मिळवलेले आर्चर मार्टिन यांनी १९५६ साली मिथाइल इस्टरांवर ही पद्धत नीट बसवून दाखवली, आणि आज जगातली कुठलीही तेलाची प्रयोगशाळा तीच वापरते. जवसाच्या तेलाचा आलेख पाहिला तर पाच शिखरं ओळीने येतात: पामिटेट, स्टिअरेट, ओलिएट, लिनोलिएट आणि शेवटी, बाकीच्यांना खुजं करून टाकणारं, आपलं लिनोलेनेट. जितके दुहेरी बंध जास्त तितकं ध्रुवीय नळीतून बाहेर यायला उशीर. नावात ‘इन’, ‘डायइन’, ‘ट्राइइन’ असा जो क्रम आहे तोच क्रम कागदावर उमटतो.

या नावांचे नियम मुळात का झाले, तेही थोडक्यात सांगायला हवं. १८९२ च्या एप्रिलमध्ये युरोपातले तीसेक रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हाला जमले. अध्यक्ष शार्ल फ्रीडेल. अडचण व्यवहारातली होती: संयुगांची संख्या वाढत चाललेली, एकेकाला चार-चार नावं, आणि बाइलश्टाइनच्या कोशासारख्या ग्रंथात एखादं संयुग शोधायचं कुठल्या नावाखाली? त्यांना असं नाव हवं होतं की जे रचनेवरून कुणीही बनवलं तरी एकच यावं. पुढे १९१९ साली रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि तो आजवर ही नियमावली दुरुस्त करत आला आहे. २०१३ ची आवृत्ती तर हजारावर पानांची आहे. आपल्याकडे दहावीच्या पुस्तकात तिची तोंडओळख होते आणि बहुतेकांचा संबंध परीक्षेबरोबर तिथेच संपतो. शिकवताना प्रत्यय आणि उपसर्ग घोकून घेतात, पण एखादं नाव पुरतं वाचून दाखवत नाहीत. वृत्तांची लक्षणं पाठ करून घ्यावीत आणि कविता एकही वाचू नये, तशातला हा प्रकार.

जुन्या नावाची बाजू घेणारेही असतात. ‘लिनोलेनिक’ या नावात जवसाचं लॅटिन नाव लिनम आहे. १८८७ साली व्हिएन्नाच्या हाझुराने ते आम्ल ओळखलं आणि शेताचा पत्ता नावात कायमचा राहिला. हे खरंच गोड आहे. पण त्याच तेलात लिनोलेइक नावाचं दुसरं आम्ल आहे, दोनच दुहेरी बंधांचं, आणि दोन नावांत फरक एका ‘न’चा. ‘लेइक’ आणि ‘लेनिक’. छापताना, बोलताना, फोनवर सांगताना हा ‘न’ हरवला तर पदार्थच बदलला. प्रेमाच्या नावाने हाक मारावी, पण सातबारावर लांबलचकच नाव हवं, असं मी म्हणेन. डायइन आणि ट्राइइन यांत गल्लत व्हायला बरीच मेहनत घ्यावी लागते.

आणि या भेदावर पैशाचा प्रश्न उभा राहतो. युरोपच्या बायोडिझेलच्या मानकात मिथाइल लिनोलेनेटला नाव घेऊन मर्यादा घातली आहे: १२ टक्क्यांच्या वर नको. कारण तेच, अकरा आणि चौदा. टाकीत साठवलेलं इंधन जागच्या जागी डिंक होऊन बसलं तर इंजिनाचं काय? जवसाचा इस्टर या मर्यादेच्या चौपटीवर जातो. म्हणजे मगनवाडीच्या कंदिलाला जे तेल घालायची मुभा होती, त्याचाच इस्टर एकटा डिझेलच्या टाकीत घालता येणार नाही. त्यासाठी करंज बरा. त्याच्या तेलात एका बंधाचं ओलेइक जास्त.

खाण्याच्या तेलाचीही अडचण तीच होती, आणि तिच्यावरचा उपाय वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोपातच शोधला. बीमध्ये पंधराव्या जागचा बंध घालणारं एक वेगळं विकर असतं. त्याचं जनुक निकामी झालं की साखळी दोन बंधांवरच थांबते. ऑस्ट्रेलियात ॲलन ग्रीन यांनी उत्परिवर्तनाने असा जवस काढला, तो ‘लिनोला’ म्हणून बाजारात आला. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएल-९९ हा वाण दिला. त्यात लिनोलेनिक पाच टक्क्यांच्या आत आहे. तेल स्वयंपाकघरात जास्त दिवस टिकतं, बाटलीच्या तोंडाशी चिकटा धरत नाही. त्याच्या मुख्य इस्टराचं नाव मिथाइल (९झेड,१२झेड)-ऑक्टाडेका-९,१२-डायइनोएट. पंधरा गेला, चौदाची सैल जागा गेली, ट्राय जाऊन डाय आला. ओमेगा-३ही अर्थात गेलं. तेव्हा डॉक्टरांनी ओमेगा-३साठी जवसाची चटणी खायला सांगितली असेल, तर बियाणं घेताना वाण कुठला ते दुकानदाराला विचारून घ्यावं.